जनाआत्या संपली

आमच्या कडावच्या घरात डबे दोन ठिकाणी होते, स्वयंपाकघरात आणि मशीनच्या खोलीत, आणि दिसायला सगळे सारखेच. त्यामुळे नवीन माणूस आमच्याकडे आपण होऊन चहा टाकायला गेला की हमखास फसायचा. साखरेच्या डब्यात इलॅस्टिक निघायचं आणि चहाच्या डब्यात नाड्या. मशीनची खोली म्हणजे पूर्वीची भाताची पडवी. भात घरात येईनासं झालं तशी बाबांनी तिथली कणगी मोडली, सारवायच्या जमिनीवर कोबा करून घेतला आणि आईचं पायमशीन खिडकीखाली मांडलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून जी वस्तू निवृत्त होई ती मशीनच्या खोलीत कामावर रुजू होई. मसाल्याचा गोल डबा गेला, त्याच्या वाट्यांमध्ये हूक, टिचबटणं आणि बॉबिनी जाऊन बसल्या. डबा किती घासला तरी वास जात नव्हता, म्हणून आमच्याकडे शिवलेल्या ब्लाऊजना पहिले काही दिवस हिंगाचा वास यायचा. बायकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. उलट एकीनं बाहेरून ब्लाऊज शिवून आणला तर तो वासावरून लगेच ओळखला गेला आणि तिला आईसमोर मान खाली घालावी लागली.

कानवाली लोणच्याची बरणी तिला तडा गेल्यावर बटणांची झाली. मशीनचं तेल अत्तराच्या जुन्या बाटलीत असायचं, कारण तिचं तोंड बारीक आणि थेंब नेमका पडतो. बाबांचे एक दोस्त लग्नाला निघताना आमच्याकडे थांबले आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी ते तेल दोन्ही कानांमागे आणि मनगटांना चोळून घेतलं. दिवसभर लग्नात फिरले. संध्याकाळी परत आले तेव्हा म्हणाले, अत्तर भारी आहे, पण वास कारखान्याची आठवण करून देतो. आईनं अजिबात न हसता त्यांना सरबत दिलं आणि आत येऊन अस्तराच्या पेटीवर डोकं ठेवून पोट दुखेपर्यंत हसली. त्या पेटीत पांढरी, काळी, पिवळी अस्तरं कडुलिंबाच्या पाल्यात निजलेली असत. आणि वर आढ्याला जुन्या झंपरांच्या बाह्या टांगलेल्या, दोन्ही तोंडांना गाठी मारून, आत कातरण भरलेली. वारा आला की त्या सगळ्या बाह्या एकदम हलायच्या, आणि लहानपणी मला वाटायचं की कुणीतरी पुष्कळ हातांची बाई वरून आम्हाला या या म्हणतेय.

पण खोलीतला खरा खजिना म्हणजे दोऱ्यांच्या रिळांचा डबा. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा चौकोनी डबा होता, झाकण उघडताना ठण्णकन वाजायचा. आईला रंगांच्या नावांचा फार राग. ती म्हणायची, "पोपटी आण म्हटलं तर तुमी पोरी चार पोपटी घेऊन येता. शांतामावशी म्हटलं की एकच येती." म्हणजे असं, की ज्या बाईच्या कापडासाठी तो रंग पहिल्यांदा आणला, त्या बाईचं नाव त्या रिळाला कायमचं लागायचं. पलीकडच्या घरातली शांतामावशी पोपटी. शाळेतल्या मास्तरीणबाई मातकट, चिखल वाळल्यावर दिसतो तशा. एक सुमनकाकू होती ती फिकी अबोली, कारण तिच्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला होता आणि दोरा उतरलेल्या रंगाला जुळवून आणावा लागला. आणि डाळिंबी म्हणजे जनाआत्या.

इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवते, पुढे तिची गरज पडेल. डबा धुंडायचं काम ताईकडे आणि माझ्याकडे, त्यामुळे नावं आमच्या तोंडची होती. जनाआत्या बाबांची थोरली बहीण, पोशीरला दिलेली. आई तिला समोर आणि मागे, रागात आणि लोभात, नेहमी 'वन्सं'च म्हणायची. नणंदेला आत्या कशी म्हणेल? फक्त डब्यातल्या रिळालाच ती जनाआत्या म्हणायची. "जनाआत्या ओवून दे गं," "जनाआत्येचा गुंता सोडव," "जनाआत्या आज फार तुटतीय." आम्हाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. घरातल्या भाषेची सवय एकदा लागली की तिचा आवाज बाहेर कसा ऐकू जातो ते कळेनासं होतं.

त्या वर्षी वालाच्या शेंगा भरल्या होत्या, शेतात संध्याकाळी त्या भाजायला पोपटीची मडकी लागत होती, आणि आमच्या सुशीताईचं लग्न ठरत होतं. मुलगा चौकचा, वसंत नावाचा, बाबांच्याच खोपोलीच्या कारखान्यात लागलेला. स्थळ जनाआत्येनंच आणलं. बघायला आले त्या दिवशी पाव्हणे जास्त आणि जागा कमी, म्हणून आईनं मशीनच्या खोलीतली लोड-उशी ओटीवर आणून टाकली आणि नवरामुलगा तिच्यावर बसला. त्या उशीला आई काम करताना सुया टोचून ठेवायची, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. मुलगा बसला, किंचित उंच झाला, परत बसला. तोंडातून हूं की चूं नाही. ताई पोहे घेऊन आली तेव्हा त्यानं बशी उचलली आणि तिच्या जागी तबकात, कुणाला दिसणार नाही अशी, एक सुई ठेवली. ताई आत आली ती कानापर्यंत लाल होऊन. मला तबक दाखवलं आणि म्हणाली, "मंदे, मला हाच पायजे." बाकी त्याचं घर, शिक्षण, शेती तिनं विचारलीसुद्धा नाही. आजही ती सुई तिच्या देव्हाऱ्यात एका कुंकवाच्या करंड्यात आहे, आणि भाओजींना ते माहीत नाही असं तिला वाटतं.

पण त्याच दिवशी एक घोटाळा झाला. चहाच्या वेळी बशा कमी पडल्या आणि जनाआत्येपुढे कप बशीशिवाय गेला. आत्या घरचीच, तिला काय, असं आईला वाटलं असणार. आत्येला तसं वाटलं नाही. तिनं कपाकडे पाहिलं, पाव्हण्यांच्या बशांकडे पाहिलं, चहा तसाच ठेवला आणि पाव्हण्यांच्या पाठोपाठ तीही निघून गेली. स्थळ मी आणलं आणि बशी मलाच नाय, हे वाक्य पोशीरहून निरनिराळ्या माणसांच्या तोंडी आमच्यापर्यंत आलं. बाबा समजूत काढायला गेले तर ती म्हशीशी बोलत बसली, बाबांशी नाही. साखरपुड्याला मुलीचं औक्षण आत्येनं करायचं, तो तिचा मान. आत्याच आली नाही तर लोक काय म्हणतील, या चिंतेनं आईचं मशीन त्या दिवसांत थांबत थांबत चालायचं. एरवी खट्खट्खट् अशी सलग धाव असायची, ती मध्येच गप्प व्हायची आणि आम्हाला कळायचं की आईला बशी आठवली.

साखरपुडा तोंडावर आला आणि मुलाची मावशी, ताराबाई, साडी आणि ब्लाऊजपीस घेऊन आल्या. त्या कशेळ्याच्या. बहिणीकडून, म्हणजे ताईच्या होणाऱ्या सासूकडून सामान घेऊन घरी परतताना मध्ये आमच्याकडे उतरल्या. साडी सुरेख डाळिंबी, काठाला बारीक जर. आईनं साडीला हात लावून कपाळाला लावला, त्यांना ओटीवर बसवलं, ताईला चहा ठेवायला सांगितलं आणि रंग बघायला म्हणून ब्लाऊजपीस घेऊन मशीनच्या खोलीत आली. मी मागोमाग. खोलीला आणि ओटीला मध्ये कुडाची भिंत, चुना मारलेली. तिकडचा उसासासुद्धा इकडे ऐकू यायचा.

आई म्हणाली, "मंदे, जनाआत्या बघ गं किती ऱ्हायलीय."

मी डबा ठण्णकन उघडला. रिळावर टोकापुरता दोरा होता. म्हणाले, "जनाआत्या संपली."

"संपली? अगं बाई. मला वाटलं साखरपुड्यापर्यंत तरी टिकंल."

"नाय टिकली. कालच संपली असंल."

"मग आता गं काय करायचं? शांतामावशीवर भागंल का?"

"नको, लोक हसतील."

आईनं आवाज खाली आणला, पण कुडाच्या भिंतीला पुरेल इतका तो होता. "बरं, आता कुणाला बोलू नको. पावणीबाई बसलीय, तिच्यासमोर शोभा नको. उद्या कशेळ्यावरनं दुसरी आणू."

आईचा हेतू साधा होता. नवरीच्या ब्लाऊजचा दोराच शिंपिणीच्या घरात नाही हे पाव्हण्यांना कळू नये, एवढाच. पण आम्ही बाहेर आलो तर ओटीवर ताई चहाचं तबक धरून उभी आणि ताराबाई गायब. ताई म्हणाली, मावशी एकदम उठल्या, चहा नको म्हणाल्या, आणि अंगणातल्या हापशावर पाय धुऊन, तोंडावर पाणी मारून निघाल्या सुद्धा. आई म्हणाली, उन्हानं गरगरलं असेल बिचारीला. कप-बशी बघ, ह्या वेळी मी मुद्दाम चांगली बशी काढली होती. आम्ही तो चहा तिघींत वाटून प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रात्रपाळी करून आले ते ओटीवर चढलेच नाहीत. अंगणातच बसले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "बाय गेली." थोरल्या बहिणीला ते बाय म्हणायचे. कर्जतच्या स्टँडवर चौकचा एक माणूस भेटला होता, त्यानं सांगितलं. आईच्या हातातलं तांदळाचं पीठ परातीत पडलं. तिनं पहिलं वाक्य काढलं ते असं, "मी त्यांना बशी नाय दिली हो." आणि जी रडायला लागली ती थांबेना. मी पण रडले, कारण जनाआत्येनं मला दर संक्रांतीला गूळपोळ्या आणल्या होत्या आणि मी तिच्या मिशांना हसले होते. बाबा मग पुढचं सांगायला लागले. त्या माणसानं असंही सांगितलं होतं, की मुलाच्या आईचा निरोप आहे, साखरपुडा ऱ्हायला, आणि सुतक फिटल्यावरही त्यांना यायचं नाही. मयत झाकून ठेवणाऱ्या घराशी त्यांना सोयरीक करायची नाही. "झाकून म्हणजे?" बाबा आम्हालाच विचारत होते. "मलाच आत्ता कळलं. मी काय झाकलं?"

ताई उठून मशीनच्या खोलीत गेली. मी मागे गेले तर अस्तराच्या पेटीवर बसून ती ब्लाऊजपीस मांडीवर ठेवून हातानं सरळ करत होती, परत परत. म्हणाली, "आत्या गेली आणि मला त्याचं वायट वाटतंय. मी लय वायट हाय." मी फ्रॉकच्या खिशात हात घातला, तिथे डाळिंबी दोऱ्याचं ते रिकामं रीळ होतं. कशेळ्याला रंग जुळवायला न्यायचं म्हणून मी ते आदल्या दिवसापासून खिशात ठेवलं होतं.

आम्ही चौघं जीपनं पोशीरला निघालो. जीपमध्ये एवढी माणसं की मी कुणाच्या तरी टोपलीवर बसले होते. आणि सगळी जीप जनाआत्येबद्दलच बोलत होती. एकीच्या मते ती विहिरीवर घसरली. दुसरा म्हणाला छे, म्हशीनं शिंग मारलं. तिसरी खात्रीनं सांगत होती, की बिचारी भावाकडे कडावला गेली होती, तिथेच गेली, आणि भावजयीनं साखरपुड्यापायी तिला भाताच्या पेंढ्यात झाकून ठेवलं. आई पदर तोंडाला लावून बसली होती ती दचकली. ती भावजय आपल्या शेजारीच बसली आहे हे त्या बाईला माहीत नव्हतं. "आणि वर म्हणती काय," ती बाई म्हणाली, "उद्या दुसरी आणू म्हणं." बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला अजूनही काही उमगलं नव्हतं, पण आईचे डोळे एकदम गोल झाले आणि तिचं रडणं मध्येच अडकलं.

पोशीरला आत्येच्या अंगणात ही गर्दी. समाचाराला आलेल्या बायका ओळीनं बसलेल्या, पुरुष पडवीत. आणि मधोमध बाजेवर, पाठ ताठ, साक्षात जनाआत्या. सगळ्यांना चहा देववत होती. प्रत्येक कपाखाली बशी होती, हे मी तेवढ्या गडबडीतही पाहिलं. बाबा तिला बघून अंगणातच मटकन बसले आणि "बाय, बाय" करत हसायला लागले की रडायला लागले, काही कळेना. तिनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती आईकडे बघत होती.

"आलीस?" आत्या म्हणाली. "मला संपवून आलीस? कशेळ्यावर मिळाली का दुसरी?"

ताराबाईंनी ऐकलेला शब्द न् शब्द तिच्यापर्यंत पोचला होता. एका दिवसात तो कडावहून कशेळ्याला, कशेळ्याहून चौकला आणि बाजारच्या बायकांबरोबर पोशीरला आला होता, आणि वाटेत पेंढा सोडला तर त्यात काही भर पडली नव्हती. आईनं बोलायला तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. तिनं पदर कोंबला, ओठ चावले, काही उपयोग होईना. मेलेल्या नणंदेच्या दारात भावजय खदाखदा हसतेय, आणि नणंद समोर बसून बघतेय. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. ताई माझ्या कानात म्हणाली, मंदे, काहीतरी कर. मी खिशातून रीळ काढलं आणि आत्येच्या हातात दिलं. म्हणाले, "आत्या, ही बघ जनाआत्या. ही संपली."

मग सगळं सांगावं लागलं. डबा, डब्यातल्या बाया, रंग, सगळं. सांगताना मला घाम फुटला होता, कारण रुसलेल्या माणसाला तू आमच्याकडे एक दोरा आहेस हे तोंडावर सांगणं काही सोपं नाही. आत्या रीळ बोटांत फिरवत राहिली. शेवटचा वीतभर दोरा लोंबत होता, तो तिनं उन्हात धरून पाहिला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. कारण आता सगळं हिच्यावर होतं. ही उठली तर साखरपुडा, नाही उठली तर चौकच्या लोकांना आमचं कोण ऐकणार?

"शांता कोणता रंग?" आत्येनं विचारलं.

"पोपटी," मी म्हणाले.

"हं." तिला ते पटलेलं दिसलं. "आणि ती मास्तरीण?"

"मातकट."

जनाआत्येच्या तोंडाचा कोपरा हलला. मास्तरीणबाईंनी कधीतरी तिला तिच्या बोलण्यावरून टोकलं होतं. तिनं परत रीळ पाहिलं आणि आवाज जरा खाली आणून आईला विचारलं, "आणि मी लवकर संपते का गं?"

आईचं हसू तोवर आवरलं होतं. ती बाजेपाशी खाली बसली आणि म्हणाली, "वन्सं, तुमच्याइतकं कोणच लागत नाय. सणाला तुमीच, लग्नाला तुमीच. बाकीच्या पडून ऱ्हातात डब्यात. तुमी घरात नसला की माझं कामच अडतंय." हे रिळाबद्दल होतं की आत्येबद्दल, ते आईनंही तेव्हा ठरवलं नव्हतं असं मला वाटतं. बोलता बोलता तिचे डोळे परत भरले. आत्येनं तिच्या डोक्यावर एक टप्पल मारली. आणि उठली. समाचाराला आलेल्यांना म्हणाली, चहा पिऊन जा सगळी, मला जरा चौकला जायचं हाय. आत जाऊन ती तिची डाळिंबी साडी नेसून आली, हिंगाचा वास कधीच गेलेला आईच्याच हातचा ब्लाऊज घालून, नाकात नथ.

चौकला आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वसंताच्या घराच्या पायरीवर, बातमी घेऊन कालच बहिणीकडे परत आलेल्या ताराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, जनाआत्येला पाहिलं, आणि सूप तांदळासकट त्यांच्या मांडीवरून अंगणात गेलं. त्या किंचाळल्या नाहीत, पण तोंड उघडं राहिलं ते बराच वेळ मिटलं नाही. आत्या त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावून बघा. गार हाय का?" ताराबाईंनी खरंच बोट लावून पाहिलं.

पण त्या सहज हार मानणाऱ्या नव्हत्या. आत मंडळी जमली, तेव्हा त्या म्हणाल्या, मरण नाही तर नाही, पण मी माझ्या कानांनी ऐकलं, ही बाई म्हणाली जनाआत्या बघ किती ऱ्हायलीय, आणि मग उद्या दुसरी आणू. जितीजागती नणंद असताना असं बोलणारं घर कसलं? मी पुन्हा डब्याची गोष्ट सांगायला लागले. रीळ या हातातून त्या हातात फिरलं. वसंताची आई, म्हणजे ताईची होणारी सासू, भिंतीला टेकून शांत ऐकत होती. फार बोलणारी बाई नव्हती ती. तिनं एकच विचारलं, "तारा, ही काय म्हणाली? जनाआत्या?" ताराबाई म्हणाल्या हो, तेच. "मग तिथंच तुला कळाया हवं होतं," ती म्हणाली. "नणंद मेली असती तर ती वन्सं म्हणून रडली असती. नणंदेला कोण आत्या म्हणतं?"

त्यावर घरात जे हसू फुटलं ते शेजारच्या आळीपर्यंत गेलं असणार. ताराबाईसुद्धा हसल्या, आधी नाराजीनं आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वसंत दारात उभा होता. तो हसत नव्हता, तो ताईकडे बघत होता, आणि ताई जमिनीकडे. चहा आला. जनाआत्येपुढे ताईच्या सासूनं स्वतः कप ठेवला, त्याखाली बशी, आणि बशीखाली आणखी एक बशी. बशीची बातमी इथेही आधीच पोचली होती. आत्येनं दोन्ही बशांकडे पाहिलं आणि चहा फुरका मारत, सावकाश, सगळ्यांचा संपल्यावरही पीत राहिली. निघताना त्या सासूबाईंनी आईला हळूच विचारलं, की तुमच्या डब्यात मी कोणता रंग? आई म्हणाली, अजून नाय ठरला, एक ब्लाऊज शिवायला द्या, मग बघू. त्यांनी आतून जांभळं कापड आणून दिलं. ठरलेल्या मुहूर्तावर साखरपुडा झाला, डाळिंबी ब्लाऊज घालून, आणि औक्षण जनाआत्येनं केलं. ताई तबकाच्या उजेडात हसली तेव्हा तिच्या अंगाला हिंगाचा वास येत होता.

पुढे कितीतरी वर्षांनी जनाआत्या खरीच गेली. म्हातारी होऊन, झोपेत, कुणाला त्रास न देता. पोशीरहून ताईच्या घरी फोन आला तो भाओजींनी उचलला. पलीकडून कुणी म्हणालं, जनाआत्या संपली. भाओजी म्हणाले, मग मी कर्जतवरनं आणतो की, किती रिळं लागतील? पलीकडे आधी हुंदका, आणि त्या हुंदक्यातच हसू. आम्ही सगळे पोशीरच्या त्याच अंगणात जमलो तेव्हा जो तो हीच गोष्ट सांगत होता, आणि आई, तोवर फार वाकलेली, बाजेपाशी बसून "वन्सं, वन्सं" म्हणत रडली. त्या वेळी कुणाला काही विचारावं लागलं नाही.

आता माझी शिवणाची खोली कर्जतला, इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. पारदर्शक प्लास्टिकचे खण आहेत, नातीनं प्रत्येकावर छापील चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, मरून, पीच, ऑलिव्ह. चिठ्ठ्या कुणी वाचत नाही. परवा समोरच्या घरात नवीन राहायला आलेली बाई पहिल्यांदाच बसायला आली होती. मी तिच्या हातात चहाचा कप दिला, बशीसकट, आमच्याकडे तो नियम आहे. तेवढ्यात आतून नात ओरडली, "आजी, जनाआत्या संपत आलीय." तिनं जनाआत्येला कधी पाहिलेलंही नाही. पाव्हणीचा कप ओठापाशी थांबला. पूर्ण संपायच्या आत मी नेहमी दुसरं रीळ आणून ठेवते, एवढी वर्षं कधी चुकलेलं नाही. मी पर्स घेतली, चप्पल पायात घातली.

"कोण त्या?" पाव्हणीनं हळू आवाजात विचारलं.

"माझी आत्या," मी म्हणाले. "तुम्ही चहा घ्या निवांत. मी तिला बाजारातून घेऊन येते."